कूर्चेची भूक

चंचलनं माझ्यापुढे लाल प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाली, "बाई, पाय याच्यावर ठेवा जी." मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, फरशी नुकतीच पुसली असेल, ओल्यात पाय नकोत म्हणून सांगते आहे. चंचल माझ्या धाकट्या भावाची बायको, घर लखलखीत ठेवणारी. मी मुकाट्यानं पाय वर घेतले. माझी खुर्ची मायच्या खुर्चीसमोर अगदी जवळ मांडलेली आहे, हेही तेव्हाच लक्षात आलं. माय बसल्या बसल्या पुढे झुकली, दोन्ही हात माझ्या पावलांना लावले, ते कपाळाला नेले आणि पुन्हा उशीला टेकून बसली. कंबर जेमतेम हलली. गुडघे तर हललेच नाहीत. "पाह्य बाई, उठाचं कामच नाई," धनेंद्र दारातून म्हणाला. "मीच आयडिया काढली." भाऊ भलताच खूश होता. माझे पाय त्या स्टुलावर दुकानातल्या मालासारखे मांडलेले होते, आणि माझी कानशिलं तापायला लागली. बाहेर रस्त्यावर कोणी भाजीवाला हिंदीत दुधी-दोडक्याची आरोळी देत होता. मी स्वतःला बजावलं, चेतना, ओरडू नकोस, चहा येतोय.

आम्हा पोवारांत लेकीच्या पाया पडतात. पूर्वज माळव्यातून येताना ही रीत सोबत घेऊन आले, असं म्हातारे सांगतात. आईबाप लेकीच्या, भाऊ बहिणीच्या, मामा भाचीच्या. लेक घरी आली की पाया पडायचं आणि निघाली की पुन्हा पडायचं. लेकीला तशीच जाऊ दिली तर घराची बरकत तिच्यामागोमाग निघून जाते, असं माय मानते. आणि उलट, लेकीनं आईबापाच्या पायाला हात लावला तर पाप, तेही आईबापाच्या माथी. पुण्याकडच्या लोकांना हे सांगितलं की ते भारावतात. किती पुढारलेले हो तुम्ही, म्हणतात. मी लहान होते तेव्हा कन्हैयालाल मामा आमगावहून सायकलनं यायचा, एवढाल्या मिशांचा दणकट माणूस, आणि अंगणात वाकून माझ्या मातीनं बरबटलेल्या पायांना हात लावायचा. मी लाजून मायच्या पदरात शिरायची. तेव्हा छान वाटायचं. पुढे हळूहळू ध्यानात आलं की ज्याच्या पाया पडतात त्याचं ऐकायचं कारण उरत नाही. देवाचं तरी कोण ऐकतं? नारळ फोडतात आणि मनात असतं तेच करतात. या घरात माझी पावलं सगळ्यांना दिसतात, माझं तोंड मात्र कधी कुणाच्या नजरेला पडत नाही. तेवढ्यात चहा आला. साखर जास्त होती, तरी मी तो प्यायले.

पिता पिता मागच्या अंगणात उन्हात पालथी घातलेली एक खुर्ची दिसली. पांढरी, मध्ये भोक, खाली बादली अडकवायची सोय. मी काही विचारलं नव्हतं, चंचलनंच सांगितलं. "मायले संडासपर्यंत जा लागते ना जी, म्हणून यायनं आणली. आता खोलीतच होते." मायनं मान खाली घातली. मला वाटलं, कप भिंतीवर फेकावा. दोन महिन्यांपूर्वी ही बाई गावातल्या घरी चुलीपर्यंत, विहिरीपर्यंत, शेतातल्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जात होती, लंगडत का होईना. मग गुडघे सुजले. धनेंद्र तिला गोंदियाला आपल्या घरी घेऊन आला आणि आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरनं एक्स-रे उजेडापुढे धरला आणि म्हणाला, "माताजी का ग्रीस खतम हो गया." धनेंद्रचा चेहरा एकदम उजळला. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ग्रीस म्हटलं की त्याला पुढचं सांगावं लागत नाही. कोरडं बेअरिंग फिरवलं की खराब होतं, नवीन बसेपर्यंत गाडी उभी ठेवायची. मी म्हटलं, "डॉक्टर, ते ग्रीस नाही. जिवंत पेशी आहेत. मी यावर काम केलं आहे." डॉक्टर हसला. "मॅडम पढ़ाती हैं? बहुत अच्छा." आणि उरलेलं सगळं त्यानं धनेंद्रकडे तोंड करून सांगितलं. थोडे दिवस आराम, मग व्यायाम, मग हळूहळू चालणं, नाहीच जमलं तर ऑपरेशन. धनेंद्रनं त्यातला आराम तेवढा उचलला आणि घरी आणला.

ग्रीस. हा शब्द आठवला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ग्रीस मेलेलं असतं, डब्यात भरलेलं असतं. कूर्चा जिवंत असते. हाडाच्या टोकावरचा तो निळसर पांढरा, गुळगुळीत थर. त्यात रक्ताची एक नळी नाही. त्यातल्या पेशी विरळ, प्रत्येक आपल्या खोबणीत एकटी. प्राणवायू पोहोचतो तो नावाला. शरीरातल्या बाकीच्या पेशी साखर प्राणवायूत नीट जाळतात आणि भरपूर ऊर्जा काढतात. ही तशीच, प्राणवायूवाचून, साखर अर्धवट फोडते. त्यातून चिमूटभर ऊर्जा निघते आणि मागे आम्ल उरतं. त्या चिमटीवर ती जन्मभर स्वतःभोवतीचं जाळं विणत, दुरुस्त करत राहते, आणि आपण त्या जाळ्यावर उभे राहतो. आता रक्तच नाही तर ही साखर तिला मिळते कुठून? सांध्यातल्या पातळ द्रवातून झिरपत. पाय टेकला की कूर्चा दबते, आतला वापरलेला द्रव बाहेर पिळला जातो. पाय उचलला की ती पुन्हा फुगते आणि ताजा द्रव आत ओढून घेते. टेकला, उचलला, टेकला, उचलला, असं तिचं जेवण चालतं. माणूस बसून राहिला की तिच्या पानात काही पडत नाही. धनेंद्रच्या घरात माय दोन्ही वेळ तूप घातलेला वरण-भात खात होती आणि तिचे गुडघे उपाशी मरत होते. हे मी सांगितलं होतं. एकदा नाही, चार वेळा सांगितलं होतं. चंचल म्हणाली होती, "बाई किती हुशार आहेत ना," आणि पोहे आणायला आत गेली होती.

नागपूरला मी या पेशींवर संशोधन करायला लागले तेव्हा माझं वय बावीस-तेवीस. खाटकाकडून बकऱ्याचे गुडघे आणायचे, ब्लेडनं कूर्चेच्या पातळ चकत्या काढायच्या, पेशी मोकळ्या करून गुलाबी द्रवात वाढवायच्या. हाताला वास राहायचा, वसतिगृहातल्या मुली माझ्याजवळ जेवायला बसायच्या नाहीत. मला त्याचं काही वाटायचं नाही. सपाट बशीत, मोकळ्या हवेत, हवी तेवढी साखर आणि हवा तेवढा प्राणवायू दिला की त्या पेशी आधी भराभर वाढायच्या. मी हरखून जायची. मग काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर त्यांचा गोल आकार गेलेला, चपट्या होऊन त्या बशीभर पसरलेल्या आणि कूर्चेचं जाळं विणायचं साफ विसरलेल्या. जिवंत होत्या, पण कूर्चेच्या राहिल्या नव्हत्या. त्याच पेशी कमी प्राणवायूच्या पेटीत, घट्ट गोळ्यात ठेवून वरून थोडं थोडं दाबत राहिलं की काम करायला लागायच्या. यावर मी लिहिणार होते. माझ्याकडे आकडे होते, आलेख होते, त्याहून मोठं म्हणजे ते खरं आहे हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. परवा मायची साडी बदलताना तिच्या मांडीला माझा हात लागला, आणि धानाच्या गाठोड्यासारखी घट्ट असलेली ती मांडी इतकी मऊ लागली की मला त्या बशीची आठवण झाली.

ते काम अर्धं राहिलं. राहिलं कसलं, सोडायला लावलं. मुलगा बघून झाला होता, बाबूजींनी होकार कळवला होता. मी म्हटलं, दोन वर्षं थांबा, एवढं पुरं करते. कोणी आवाज चढवला नाही. कन्हैयालाल मामा आला, अंगणात माझ्यासमोर उकिडवा बसला, माझ्या पायांना हात लावला आणि हात तिथंच ठेवले. "भाची, हट्ट सोड. मी तुह्या पाया पडून सांगून राहिलो." यावर काय बोलणार? शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. खोलीत कोंडलं असतं तर खिडकी तोडली असती. वडीलधारा माणूस पायाशी बसलाय, त्याचे केस पांढरे झालेत, आणि सगळं घर माझ्याकडे बघतंय की ही पोरगी किती दगड आहे. मी हो म्हटलं. मांडवात पितळेच्या परातीत सगळ्यांनी रांगेनं माझे पाय धुतले, पाणी डोळ्यांना लावलं. त्या पायांना कुठं जायचं होतं ते मात्र त्यातल्या एकानंही विचारलं नाही. पुढे गोंदियाच्याच एका कॉलेजात नोकरी लागली. बेडकाचं हृदय, झुरळाची पचनसंस्था, वर्षामागून वर्ष. माझा नवरा योगराज वाईट माणूस नाही. हे वाक्य मी आजवर इतक्यांदा म्हटलं आहे की आता त्या वाक्याचाच राग येतो.

आणि मी कष्टाचं गुणगान करतेय असंही नाही. मायच्या गुडघ्यांची माती रोवण्यानंच केली. आषाढ-श्रावणात पोटऱ्यांएवढ्या चिखलात वाकायचं, मागे मागे सरकत भाताची रोपं, पऱ्हे, रोवत जायचं, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत, आणि रोवणा आटोपला की निंदण. माय, गावाची शामकला पटलीण, रांगेत पहिली असायची, बाकीच्या बाया तिच्या हाताकडे बघून आपला हात चालवायच्या. त्याचं घरात केवढं कौतुक. सतत दाबून ठेवलेली कूर्चाही उपाशीच राहते, दाब सुटला तरच ती पिते. पण त्या काळात कोणी म्हटलं नाही, शामकला, घडीभर सरळ उभी राहा, धुऱ्यावर जाऊन बस. तेव्हा तिला चिखलातून उठू दिलं नाही आणि आता खुर्चीतून उठू देत नाहीत. दोन्ही वेळा हुकूम घरचाच. झिजलेली कूर्चा परत उगवत नाही हे मला पक्कं माहीत आहे, मी काही चमत्कार मागत नव्हते. उरलेली जगवता येते. मांड्यांत जोर ठेवता येतो. पुढे ऑपरेशन झालंच तरी त्याच जोरावर माणूस उभा राहतो, नाहीतर नवे गुडघे घेऊन खाटेवर पडून राहतो. व्यायाम शिकवणारी एक बाई मी पाठवली होती. चंचलनं तिला चहा पाजला आणि ऑपरेशन झाल्यावर या म्हणून तशीच परत पाठवली.

म्हणून मागच्या आठवड्यात मी स्वतःच करायचं ठरवलं. दार लोटलं, मायसमोर खाली बसले आणि तिची टाच हातात घेऊन गुडघा हळूच वाकवायला गेले. तिनं चटका बसल्यासारखा पाय ओढून घेतला. "लेकीनं पायाले हात नोको लावू. मले पाप लागते." मी म्हटलं, "माय, मी लेक म्हणून नाई, मास्तरीण म्हणून हात लावून राहिली." ती म्हणाली, "मास्तरीण तू कॉलेजात. इथं माही लेक आहेस." मी पुन्हा हात नेला. तिनं पुन्हा पाय घेतला, दुखत होतं तरी घेतला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली बसलेली तिला बघवतही नव्हती. ऊठ, ऊठ म्हणत ती माझे दंड धरून मला वर ओढत होती. आयुष्यात एकदाच, एका गोष्टीबद्दल, मला या घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. ती गोष्ट माझ्यापासून वीतभर अंतरावर होती आणि मी तिला हात लावू शकत नव्हते, कारण मी पूज्य होते. त्या दिवशी घरी जाऊन मी योगराजवर विनाकारण ओरडले.

आज धनेंद्र माझ्यासमोर येऊन बसला. "दिवाळीनंतर नागपूरले नेतो आणि दोन्ही बदलूनच टाकतो," तो म्हणाला. बदलून टाकतो. मी म्हटलं, "तवापर्यंत मायच्या मांड्यांत काई उरन का? पाह्यलास का तू? तिले रोज चालव, थोडं थोडं. घरातल्या घरात चालव." तो म्हणाला, "बाई, तू कायले टेन्शन घेऊन राहिली? मायनं जिंदगीभर केलन. मी लहान होतो त तापातही रोवण्याले जात होती. आता तिनं माह्या घरी गिलासही उचलाचा नाई." हे बोलताना त्याचा आवाज भरून आला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मायेला धारच अशी होती की मध्ये कोणी आलं तर तेच कापलं जावं. मी म्हटलं, "धनेंद्र, तू तिले मारून राहिलास." चंचल स्वयंपाकघराच्या दारात थबकली. माय साडीच्या काठाशी चाळा करत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या गुडघ्यांबद्दल बोलणं चाललं आहे.  धनेंद्र खुर्चीतून उठला, वाकला आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाला, "बाई, तुह्या पाया पडतो. आता हा विषय राहू दे."

त्याच्या मानेवर घामाचा डाग होता. मी तो बघत राहिले आणि मला कन्हैयालाल मामाची मान दिसली, तीच माझ्यासमोर झुकलेली, तीच हलायला तयार नसलेली.  मी पाय मागे घेतले, पर्स उचलली आणि उठून सरळ बाहेरच्या दारापाशी गेले. धनेंद्रचा हॉल लांबलचक आहे. मायची खुर्ची एका टोकाला, दार दुसऱ्या टोकाला. दाराशी वळून मी म्हटलं, "माय, मी निघाली." चंचल लगबगीनं स्टूल घेऊन आली. "बाई, इकडं बसा ना जी. मायले पाया पडू द्या." मी म्हटलं, "मी नाई बसत."

"इकडं ये, बाई," माय म्हणाली.

"तू ये. माहे पाय इथंच आहेत."

 धनेंद्र उसळला. "काऊन तमाशा करून राहिली? ते पडन, हात-पाय मोडन, मग?" मी म्हटलं, "नाई येत त मी तशीच जातो." बोलताना मला समजत होतं मी काय बोलते आहे. पाया पडू न देता लेक उंबरठा ओलांडून गेली तर माय आज जेवणार नाही, हे मला माहीत होतं. जे मामानं माझ्यावर वापरलं, जे भावानं आत्ता वापरलं, तेच मी उचललं होतं आणि घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसावर रोखलं होतं. मला स्वतःची चीड आली. त्या दारात मी देवळातल्या मूर्तीसारखी उभी होते, सत्तरीच्या बाईला माझ्या पायाशी बोलावत होते, आणि तरी मी हलले नाही. बाकी सगळं करून झालं होतं. पेशी, साखर, द्रव, सगळं समजावून झालं होतं. या घरात माझ्या फक्त पायांना किंमत होती. मग ठीक आहे, पाय तर पाय.

मायनं खुर्चीचे हात धरले. एकदा जोर लावला, परत बसली. दुसऱ्यांदा उठली. उभी राहून तिनं पदर सारखा केला आणि पाऊल टाकलं. धनेंद्र धावत तिच्या काखेत हात घालायला गेला. तिनं कोपरानं त्याला बाजूला सारलं. "दूर हो. लेकीच्या पाया पडाले का मी तुह्या खांद्यावर बसून जाऊ?" दिवाणाची कड, मग फ्रिज, मग भिंत. प्रत्येक पावलाला तिचा ओठ दाताखाली जात होता, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त टेकला, उचलला, टेकला, उचलला. पुढे होऊन तिला धरावं म्हणून माझे खांदे ओढ घेत होते. मी चौकट धरून ठेवली. मधे एकदा ती थांबली, भिंतीला हात लावून श्वास घेतला, आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघून पुन्हा चालायला लागली.

माझ्यापाशी येऊन ती चौकटीला धरून हळूहळू वाकली. गुडघे वाजले, सगळ्यांना ऐकू येईल असे वाजले. तिचे हात माझ्या पावलांवर आले, गरम आणि खरखरीत, आणि या वेळी मी डोळे मिटून घेतले कारण मला रडायचं नव्हतं, मला अजून रागच धरून ठेवायचा होता. उठताना तिनं माझ्या मांडीला धरलं, तिथून कमरेला, तिथून खांद्याला, आणि माझ्या आधारानं पूर्ण सरळ उभी राहिली. चंचल तोंडावर पदर धरून उभी होती. धनेंद्र म्हणाला, "झालं समाधान?"  मायला धाप लागली होती. ती दारातून बाहेर बघत होती, अंगणापलीकडच्या फाटकाकडे, रस्त्याकडे.

"उद्या येशील त तिकडं फाटकापाशी उभी राहजो," ती मला म्हणाली.